रकाना नंबर अकरा

आमच्या ऑफिसात काम संपलं की फाइल कपाटात जाते आणि काही वर्षांनी कपाटातून श्रेडरमध्ये. किश्श्यांची अशी काही सोय नाही. ते साठतच जातात. सांगलीला गेलो की मित्र विचारतात, "काय रे, नवीन काय?" मी एक सांगायला घेतो, त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि शेवटी बायको लांबूनच मनगटावरचं घड्याळ दाखवते. म्हणून एकदाचे लिहूनच काढतोय.

आधी ऑफिस सांगतो. चेन्नईत, एग्मोर स्टेशनच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्या भरवशावर कोणी वेळेची अपॉइंटमेंट घेऊ नये! परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्यांचे कागद करणं हे आमचं मुख्य काम. प्रश्न दिसायला सोपा असतो. इथे लग्न लावून मग नवरा-बायको म्हणून व्हिसा मागायचा, की आधी लग्नासाठीचा व्हिसा काढून तिकडे जायचं आणि तिकडेच लग्न करायचं? पण देश बदलला की नियम बदलतो, आणि मार्ग चुकला की जोडप्याचं एक वर्ष हकनाक जातं.

माणसं तीन. मालक म्हणजे राव सार. हे तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले, आणि बरोबर आणलेलं मराठी यांनी तसंच जपून ठेवलं, मध्ये मध्ये तमिळ घालून. ते मला "सांगली" म्हणतात. माझं मराठी बिघडलेलं आहे असं त्यांचं ठाम मत आहे.

दुसरी कामाक्षी. फाइलिंग, झेरॉक्स, अपॉइंटमेंट आणि धाक, ही चारही खाती तिच्याकडे. ती आमच्याशी तमिळमध्ये बोलते. मराठी आपल्याला अजिबात कळत नाही, असं ती सांगते.

तिसरा मी. इथल्याच गिंडी भागातल्या, मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो. आमचा विभाग बंद झाला, आणि 'दुसरी नोकरी मिळेपर्यंत चार महिने' म्हणून इथे बसलो. त्याला आता सात वर्षं झाली.

* * *

सारांनी स्वतः तयार केलेला एक फॉर्म आहे. एक पान, अकरा रकाने. दहाव्या रकान्यात 'निवडलेला मार्ग' आणि अकराव्यात 'कारण'. हा अकरावा रकाना ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने भरायचा. भाषा कुठलीही चालेल. खाली सार 'वाचलं' असं लिहून सही करतात. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

याची गरज का पडली? तर पूर्वी लोक सहा महिन्यांनी यायचे आणि एकमेकांकडे बोट दाखवून भांडायचे. "तूच म्हणालास तिकडे लग्न करू!" "मी? तू म्हणालीस!" आणि मग दोघं मिळून सारांकडे बोट दाखवायचे.

मी लागलो त्याच आठवड्यात पुण्याचा एक मुलगा आला. आयटीतला, हुशार, घाईतला. मुलगी पोलंडची. मार्ग लिहिला 'तिकडे जाऊन लग्न'. अकराव्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'प्रेम', आणि फॉर्म सारांपुढे सरकवून हसत बसला.

सारांनी चष्म्यावरून पाहिलं. फॉर्म परत सरकवला.

"हें सगळेच लिहितात. कारण लिही."

पोरगं गडबडलं. पेन चावत पंधरा मिनिटं बसलं. मग लिहिलं, 'इथे लग्न केलं तर आईचे चारशे पाहुणे. तिकडे केलं तर बारा.'

"हां," सार सही करत म्हणाले, "आतां फाइल चालेल!"

* * *

इथे लग्न झालं असेल तर लग्नाचा पुरावा म्हणून फोटो लागतात. यात आपल्या लोकांची काय अडचण होते ते सांगतो. नागपूरकडचं एक कुटुंब होतं. मुलगी चेन्नईत नोकरीला, नवरा आयर्लंडचा, लग्न नागपुरात झालेलं. त्यांनी पेनड्राइव्हमध्ये भलामोठा अल्बम आणून दिला. मी सगळा पाहिला. नवरा-नवरी दोघंच असा एक फोटो नाही! प्रत्येकात किमान चौदा माणसं, आणि मध्यभागी मुलीची आत्या. मुहूर्ताला आत्या, पंगतीत आत्या, गाडीत बसताना आत्या. एका फोटोत तर नवरा खांबामागे गेलाय आणि आत्या नवरीचा हात धरून उभी आहे.

सार म्हणाले, "ऑफिसर विचारेल, लग्न कोणासंगती झालें? तिजसंगती?"

ठरलं असं की दोघांनी मरीना बीचवर जावं आणि चार साधे फोटो काढून आणावेत. फक्त दोघांनी. मी तीन वेळा बजावलं, "दोघंच हं!"

दुसऱ्या दिवशी वीस फोटो आले. खरंच दोघंच होते. मी खूश. कामाक्षीने एक फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि पेनाचं टोक एका ठिकाणी टेकवलं. मागे, पार लांब, वाळूत पर्स मांडीवर घेऊन कोणीतरी बसलेलं होतं.

वीसच्या वीस फोटोंत!

* * *

मुलाखतीची तालीम हे आमच्याकडचं दुसरं खास काम. दोघांना वेगवेगळं बसवायचं आणि तेच तेच प्रश्न विचारायचे. पहिली भेट कुठे, घरात चहा कोण करतं, सासूचं नाव काय. व्हिसा ऑफिसर कामाक्षी होते. खरे ऑफिसर तिच्यापुढे फारच प्रेमळ वाटतात, असं लोक नंतर येऊन सांगतात.

एक जोडपं होतं, मुलगी कोल्हापूरची, नवरा स्कॉटलंडचा. दोघंही गोड. कामाक्षीने इंग्रजीत विचारलं, "तुमचं पहिलं भांडण कशावरून झालं?"

तो म्हणाला, "आम्ही कधीच भांडलो नाही."

तिला बोलावलं. ती म्हणाली, "आम्ही कधीच भांडलो नाही."

कामाक्षी म्हणाली, "रिजेक्ट. पाठ करून आलायत."

दोघं बाहेर गेले. लिफ्ट बंद होती, म्हणून तिथेच उभे राहिले, आणि दोन मिनिटांत आवाज चढले. "तूच म्हणालीस असं सांगू म्हणून!" "मी म्हणाले थोडंसं भांडतो असं सांगू! तुला इम्प्रेस करायचं होतं!" "आणि तुझी आई..." इथपर्यंत गेलं. मी मध्ये पडायला उठलो, तर कामाक्षीने हातानेच बस म्हणून सांगितलं. तिने फॉर्म ओढला आणि लिहून घेतलं.

'पहिलं भांडण. आज, सव्वाअकरा वाजता, लिफ्टसमोर. साक्षीदार दोन.'

त्यांना व्हिसा मिळाला. दर दिवाळीला तिकडून कार्ड येतं, कामाक्षीच्या नावाने.

* * *

इथेच कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती एक महिना नोंदणी ऑफिसच्या बोर्डावर लागते, कोणाला हरकत असेल तर त्याने घ्यावी म्हणून. आता असले बोर्ड वाचतो कोण? आमचाही असाच समज होता.

चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत राहणारी एक मुलगी होती, तंजावरच्याच मराठी कुटुंबातली, शाळेत शिक्षिका. नवरा फ्रान्सचा. आईवडिलांची संमती होती, पण नातेवाइकांना नंतर सांगू असं ठरलेलं. तिचा काका निवृत्त क्लार्क. आयुष्यभर सरकारी ऑफिसात काढलेलं, त्यामुळे सकाळी फिरायला जाताना वाटेतला प्रत्येक नोटीस बोर्ड वाचायची सवय. विसाव्या दिवशी त्यांना पुतणीचं नाव सापडलं.

काकांनी तिथल्या तिथे हरकत नोंदवायला अर्ज मागितला. रजिस्ट्रार सभ्य माणूस होता. त्याने विचारलं, "हरकत काय? वय कमी आहे? आधीचं लग्न आहे?"

"मज कोणी सांगितलें नाहीं, ही हरकत!"

रजिस्ट्रार म्हणाला, "ही कायद्यात बसत नाही हो."

मुलगी रडत ऑफिसात आली. सारांनी काकांना फोन करून बोलावून घेतलं, कॉफी पाजली आणि म्हणाले, "साक्षीदार तीन लागतात. दोन झाले. तिसरा विश्वासाचा पाहिजे, अक्षर चांगलें असलेला. कोणी आहे कां तुमच्या पाहण्यांत?"

काकांनी खिशातलं पेन काढून तिथेच झाकण उघडलं. लग्नाच्या दिवशी ते सगळ्यांच्या अर्धा तास आधी हजर होते.

* * *

आता आडनावाचा किस्सा. इकडे बऱ्याच तमिळ लोकांना आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावतात, संपलं. परदेशी फॉर्मला हे पटत नाही. त्याला आडनाव हवंच. मग वडिलांचं अख्खं नाव तिथे घालावं लागतं.

अशी एक मुलगी, वडिलांचं नाव शण्मुगम. नवरा जर्मन, थॉमस. त्यांच्याकडे नवरा-बायकोने एक आडनाव ठरवता येतं, त्याचं किंवा तिचं. थॉमसचं स्वतःचं आडनाव सतरा अक्षरी. त्याने कागद पाहिला, हिचं आडनाव पाहिलं आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा हे सोपं आहे. हेच घेतो." झाला की थॉमस शण्मुगम!

चार दिवसांनी खरे शण्मुगम जिना चढून आले. धोतर, कपाळाला भस्म, हातात कागदाची झेरॉक्स. मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यायची तयारी ठेवा. ते खुर्चीत बसले, कागद टेबलावर ठेवला, त्यावर हात फिरवला.

"खरं आहे का हे? परत बदलणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"माझ्या मुलांनी फक्त इनिशियल लावलं," ते म्हणाले. "यानं अख्खं नाव लावलं!" आणि डोळे पुसत बसले. कामाक्षीने त्यांना पाणी दिलं. तिने स्वतः उठून कोणाला पाणी दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

* * *

आता या सगळ्यात राव सार कुठे? ते त्यांच्या जागी. तीस वर्षं लोकांची मुलंबाळं परदेशी पोचवत आले. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. घरी ते आणि एकुलती एक मुलगी, तुळजा. ती मला अण्णा म्हणते.

काही महिन्यांपूर्वी एका सकाळी नेहमीसारखी गर्दी होती. कामाक्षी नंबर पुकारत होती. "सात!" सार मान खाली घालून कोणाचीतरी फाइल बांधत होते. नंबर सात येऊन समोर बसला. उंच, गोरा, घामाघूम झालेला जर्मन. त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुळजा, हातात नंबराची चिठ्ठी!

सारांनी वर पाहिलं. कामाक्षीने टायपिंग थांबवलं.

"नमस्कार," सार म्हणाले. "फॉर्म भरलात?"

बाकी काही नाही! तुळजाने मला नंतर सांगितलं, "अण्णा, घरीं सांगितलें असतें तर अप्पा उठून देवघरांत गेले असते. ऑफिसांत त्यांस उत्तर द्यावेंच लागतें."

मुलगा म्हणजे लुकास. गिंडीतल्याच एका कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर आलेला इंजिनिअर. करार संपायला तीन महिने राहिलेले. तुळजाने त्याला मराठी शिकवलेलं, म्हणजे तंजावरचं. मी विचारलं, "कसा आहेस?" तर हा म्हणतो, "मी बरा आहें, पा. तुम्ही जेवलेंत कीं?" ('पा' म्हणजे तमिळमधलं 'बाबा रे'.) चेन्नईत येऊन मला सगळ्यात जुनं मराठी ऐकवलं ते एका जर्मनाने!

त्याच्या फॉर्मात मार्ग होता 'जर्मनीत लग्न'. अकराव्या रकान्यात त्याने अगदी काळजीपूर्वक देवनागरीत लिहिलं होतं, 'प्रेम'.

सारांनी फॉर्म परत सरकवला. "हें सगळेच लिहितात. कारण लिही."

लुकासने तुळजाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मग त्याने इंग्रजीत लिहिलं, आणि सारांनी ते मोठ्याने वाचलं. 'तिकडच्या ऑफिसात मला कोणी ओळखत नाही. इकडच्या ऑफिसात सासरे बसतात.'

सार हसले. आवाज काढून हसले. मी सात वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता.

* * *

सल्ला त्यांनी स्वतःच दिला, आणि तो अगदी चोख होता. लुकासने आपल्या गावच्या नोंदणी ऑफिसात कागद आधीच दिले होते, तारीख मिळत होती. तुळजाची जर्मन परीक्षा झालेली. तारखेच्या जोरावर तिचा व्हिसा निघेल, लुकासचा करार संपेल, दोघं बरोबर जातील. उलट इथे लग्न करायचं तर नोटिशीचा महिना, मग सर्टिफिकेट, मग कागदांची तपासणी, मग बायको म्हणून नव्याने अर्ज. तोवर लुकास तिकडे आणि ही इकडे. सारांच्या हिशेबाने निदान आठ महिने, वरसुद्धा जाऊ शकतात.

त्यांनी तिच्या फॉर्मवर पेन्सिलीने शिफारस लिहिली, 'जर्मनीत लग्न. जलद.' अकरावा रकाना तिच्यासाठी रिकामा ठेवला.

मग मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, मुलीचं लग्न तिकडे, तर सारांचा व्हिजिटर व्हिसा आत्ताच करायला घ्यावा. फाइल काढली आणि म्हणालो, "सार, पासपोर्ट?"

"घरीं आहे. उद्यां आणतों."

उद्या नाही, परवा नाही. आठवडा गेला. "विसरलों, सांगली." "कपाटाची किल्ली सांपडत नाहीं, सांगली." लोकांना एका झेरॉक्ससाठी तीन वेळा परत पाठवणारा हा माणूस!

शेवटी कामाक्षीने मला जिन्यात गाठलं. "विचारू नका त्यांना," ती तमिळमध्ये म्हणाली. "पासपोर्ट नाहीच आहे."

मला खरंच पटेना. तीस वर्षं पासपोर्ट हाताळलेत यांनी! पण खरं होतं. लहानपणी शाळेत घालताना त्यांच्या मामाने वय अंदाजाने सांगितलं होतं, वर्षभर आधी प्रवेश मिळावा म्हणून. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, जन्मनोंदणीत दुसरी. नाव एकीकडे रामराव, दुसरीकडे रामचंद्र राव, तिसरीकडे नुसतं आर. राव. तरुणपणी एकदा अर्ज केला, तो परत आला. नंतर करू म्हणाले. तोवर ऑफिसचा बोर्ड लागला होता, लोक यायला लागले होते. अशा चुका त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांत शेकड्याने दुरुस्त केल्या, आणि स्वतःच्या तशाच राहू दिल्या.

मी जाऊन त्यांच्यासमोर बसलो. तेच बोलले.

"दुरुस्तीस पांच-सहा महिने लागतील. लग्न तीन महिन्यांवर आहे. मी हिशेब करून पाहिला."

"मग तुळजाला सांगा ना! इथे करू म्हणावं."

"मार्ग बरोबर आहे, सांगली. ह्या खुर्चींत बसून मी पोरीस चुकीचा सल्ला देऊं? तिचें वर्ष घालवूं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "फोनवर दिसेल कीं लग्न. आतां सगळें दिसतें. तूं तिला सांगूं नकोस."

मी शब्द दिला. मला फार वाईट वाटलं, रागही आला. ज्या माणसाने रुसलेल्या काकाला कॉफी पाजून साक्षीदार केलं, तो स्वतःच्या मुलीच्या लग्नाला फोन धरून बसणार!

त्याच संध्याकाळी तुळजाचा फोन. "अण्णा, अप्पांचा व्हिसा कुठवर आला?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हांस खोटें बोलतां येत नाहीं. बरें, ठेवतें."

* * *

आणि हा शेवटचा.

पुढच्या सोमवारी तुळजा आणि लुकास फॉर्म पुरा करायला आले. कामाक्षीने नंबर दिला, दोघं नंबराने बसले. त्यांची पाळी आली. सारांनी फॉर्म पुढे ठेवला. "वाच, आणि शाईनें लिही."

तुळजाने वाचलं. मग खोडरबर मागितलं. कामाक्षीने तिच्या ड्रॉवरमधून दिलं, जणू काढूनच ठेवलेलं होतं. तुळजाने सारांची पेन्सिलीतली शिफारस खोडली, आणि दहाव्या रकान्यात शाईने लिहिलं, 'चेन्नईत लग्न'.

सार ताडकन उठले. "हें काय? हा लांबचा मार्ग आहे! नोटीस आहे, तपासणी आहे! हा तीन महिन्यांत चालला, तूं एकटी इथें बसशील आठ महिने! मी स्वतः लिहिलें आहे जलद म्हणून!"

वेटिंगमधली सगळी माणसं बघायला लागली. सारांचा आवाज इतका चढलेला कोणी ऐकलाच नव्हता.

"सल्ला दिलांत," तुळजा शांतपणे म्हणाली. "निवडणें माझें. तुमचाच नियम आहे, अप्पा."

सारांनी लुकासकडे पाहिलं. "तूं सांग हिला!"

लुकास उभा राहिला. खूप मोठं काहीतरी बोलायचं असावं, पण शब्द पुरेनात. "मी थांबतों, पा," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

तुळजाने अकरावा रकाना भरला. एक ओळ. फॉर्म फिरवून सारांपुढे ठेवला.

'पहिल्या साक्षीदाराकडे पासपोर्ट नाहीं.'

सार उभ्यानेच वाचत राहिले. एवढीशी ओळ, तिला किती वेळ लागावा? मग खुर्ची चाचपत बसले. खाली 'वाचलं' असं लिहिलं, सही केली. सही जरा वाकडी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कामाक्षीकडे पाहिलं, कामाक्षीने खिडकीबाहेर पाहिलं.

"दुसरे साक्षीदार अण्णा," तुळजा म्हणाली. "तिसरी कामाक्षी अक्का. नोटीस आजच देऊं?"

नंबर नऊ हातात चिठ्ठी घेऊन उभा होता, तो परत बसला.

सार उठले. कपाटापाशी गेले, एक कोरा फॉर्म घेऊन आले आणि टेबलाच्या अलीकडे, क्लायंटच्या खुर्चीत बसले. मी मान तिरकी करून पाहत होतो. नाव, तिन्हींपैकी कुठलं लिहावं यावर जरा अडले, मग लिहिलं. जन्मतारीख लिहून पुढे 'दुरुस्ती' असं लिहिलं. दहाव्या रकान्यात, 'आधीं पासपोर्ट, मग व्हिसा, मग जर्मनी'. अकराव्या रकान्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी एकच शब्द लिहिला, आणि सगळे क्लायंट ठेवतात तसा फॉर्म मुकाट्याने कामाक्षीच्या ट्रेमध्ये ठेवला.

कामाक्षीने तो उचलला. पहिल्या रकान्यापासून वाचत गेली. अकराव्यावर आली. चेहरा हलला नाही. फॉर्म फिरवून तिने सारांपुढे परत सरकवला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या समोर मराठीत बोलली.

"सार, हें सगळेच लिहितात. कारण लिही."